पाणी मुरतं तिथे

आधी सहा गाड्या आल्या, मग एकेचाळीस,
मग कंपनीने पत्र काढलं:
घरापासून पंधरा मीटर लांब उभी करा.
ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका.
रात्री झोपताना तर मुळीच लावू नका.
कारण? तपास चालू आहे.

तपास म्हणजे मी, आणि दुपारनंतर उर्हो.
बोथनियाच्या खाडीकाठी, मासळीच्या जुन्या गोदामात
टेबलावर बॅटरी उताणी पडलेली,
पाचशे किलोचं कासव.
बाहेर समुद्र गोठलेला,
आत हेरिंगचा वास अजून भिंती सोडत नाही.

तक्त्यात रकाना होता: संभाव्य कारणे.
मी लिहीत गेले.
सेलच्या आत पडदा दुमडला असेल, नखाएवढा,
कुणाच्या तरी पाळीच्या शेवटच्या तासाला.
बोल्ट अर्धा फेरा कमी पिळला असेल;
पण हिरव्या रंगाची खूण तर प्रत्येकावर आहे,
खूण करणारा हात पिळणाऱ्या हाताच्या
पुढे निघून गेला असेल.
उर्हो म्हणाला, सॉफ्टवेअर लिही.
काही सुचेनासं झालं की तो नेहमी सॉफ्टवेअर म्हणतो.

तेवढ्यात कोक्कोलाहून फोन.
ओइवा रौतिओ, वय एकोणऐंशी,
जन्मभर पियानो जुळवलेले.
"बाई, तुमची गाडी रात्री तीनला बोलते.
टिक. थांबते. टिक.
दुसरी टिक जरा उतरलेली असते."
मी समजावलं, तो रिले आहे,
गाडी अधूनमधून आपलीच नाडी बघते.
"मग ताप असेल तिला,"
म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी ते तक्त्यात लिहिलं नाही.
कान हे काही मोजमाप नव्हे.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं
आणि कडेला मिठाची रेघ दिसली.
पांढरी. केसाइतकी.
रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ,
पाण्याबरोबर आत आलेलं.
म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि या वेळी ती नुसती म्हण नव्हती.

झाकणाभोवती यंत्राचा हात गोंदाची रेघ ओढतो,
एका कोपऱ्यातून निघतो, फेरी मारून तिथेच परततो.
सोमवारी सकाळी परतत नव्हता.
दोन मिलिमीटर आधी थांबत होता,
कारण गोंद घट्ट,
कारण हॉल गार,
कारण शनिवार-रविवार हीटर चार अंशांनी उतरवायचा
असं गेल्या ऑक्टोबरात ठरलं होतं.
त्या कागदावर सहा सह्या आहेत.
तिसरी माझी.
वाचवलेल्या विजेबद्दल केकही कापला होता,
क्लाउडबेरीचा.

उर्होने काहीच विचारलं नाही,
नुसती कॉफी आणून ठेवली.

शिवाय यातून एकोणीसच गाड्या उलगडतात.
उरलेल्या बावीस कोरड्या आहेत,
अगदी कोरड्या,
मीठ नाही, घडी नाही, ढिला बोल्ट नाही,
आणि तरी जळाल्याचा वास.

रविवारी मी कोक्कोलाला गेले. कुणी पाठवलं नव्हतं.
त्यांची गाडी अंगणाच्या टोकाला, पावलांनी मोजून पंधरा मीटरवर,
आणि दारापासून तिथवर बर्फातून
फावड्याने काढलेली वाट.
बॉनेटवर पियानोची जुनी गोधडी.
"तार आपणहून उतरत नाही," ते म्हणाले.
"चर्चमध्ये तीस वर्षं बघितलंय,
कुणीतरी खिडकी उघडी ठेवलेली असते."

मी सांगणार होते.
कोणी ते. कोणत्या महिन्यात.
पण त्यांनी ओठावर बोट ठेवलं.
उणे अठरा. तीन वाजायला मिनिटभर.
दोघं उभे, टोप्या कानांवरून सरकवलेल्या.

टिक.

मग आम्ही दुसऱ्या टिकेची वाट बघत राहिलो.